चिमणी बंद आहे

—नाही, नाही, ते प्लास्टिकचं स्टूल नका घेऊ, दादा, त्याचा एक पाय लंगडा आहे, हे लाकडी घ्या. आणि आधी ती पिन काढा. हो, मिक्सरच्या बाजूची. नुसतं बटण बंद केलं म्हणजे झालं असं नसतं — हे मी नाही म्हणत, आमचे हे म्हणायचे. पिन हातात आली की मगच चिमणीत हात घालायचा. ओझरला विमानाच्या कारखान्यात होते ते, इन्स्पेक्शनला. सगळी नोकरी दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढण्यात गेली, मग रिटायर झाल्यावर चुका काढायला उरलं कोण? मी आणि ही चिमणी. तुमचं नाव काय म्हणालात? शेखर. सटाण्याचे का? वाटलंच बोलण्यावरून. करा तुमचं काम. मी इथेच उभी राहते, मला काही घाई नाही.

ही बसवायला माणसं आली होती ना, त्यांच्या दोन चुका काढल्या यांनी. एक तर चिमणी खाली घेतली होती, कपाटाच्या रेषेत, दिसायला छान म्हणून. हे टेप घेऊन हजर. शेगडीपासून उंची मोजली आणि म्हणाले, पुस्तकात दिलीय त्यापेक्षा कमी आहे, कढईतला जाळ वर गेला तर फिल्टरमधलं तेल पेटेल, काढा. टाइलला भोकं पाडून झाली होती हो! ती बघा अजून दिसतात, पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली. मी म्हटलं, अहो, लोकांकडे असतेच ना एवढी खाली? तर म्हणे, लोकांची घरं मी पास केलेली नाहीत. दुसरी चूक पाइपची. त्यांना तो वळवून वळवून मागच्या डक्टमध्ये सोडायचा होता. हे म्हणाले, सरळ भिंतीतून बाहेर काढा, जितकी वळणं तितकं तेल अडकतं, आणि आपल्या फोडणीचा धूर आक्काबाईंच्या बाथरूममध्ये कशाला? आक्काबाई म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या. दिवस गेला त्यात. ती माणसं इतकी वैतागली की चहासुद्धा न घेता गेली. तुम्ही घ्याल ना? बरं, नंतर.

निघाला फिल्टर? कोरडा आहे, हो. तेलाची वाटी पण कोरडी. तुम्ही असं काय बघताय, चांगलंच आहे की. धुवायचे हेच, दर महिन्याला, गॅलरीत बसून, बनियनवर, कडकडीत पाण्यात सोडा टाकून. मला हात लावू द्यायचे नाहीत, कडांना धार असते म्हणे. शेवटचा धुतला तो होळीचं तळण झाल्यावर, रंगपंचमीच्या आदल्या दिवशी. आणि रंगपंचमीला गेले. अटॅक. पोरं रंग खेळायला रहाडीकडे, त्या रंगाच्या हौदाकडे निघाली होती, आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरच्या एका कानाला हिरवा रंग होता. तेवढं आठवतं. बाकीचं काही आठवत नाही. रडूही नाही आलं मला, अजूनही नाही. सगळे सांगतात, मोकळी हो, मोकळी हो. आता मोकळं काय व्हायचं? दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो ना, आपलाच असतो आणि आपला नसतो — तसं आहे. दुखत नाही काही.

तर कोरडा का, ते सांगते. सुतकात घरात फोडणी नसते. तुमच्याकडे पण असेलच हे. तळण नाही, फोडणी नाही, साधं वरण, भात, वाफवलेली भाजी. जाऊबाई होत्या तेव्हा, त्या करायच्या. मग चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं, पाहुणे गेले, जाऊबाई निघताना दारात म्हणाल्या, उत्तरा, आता घाल हो फोडणी, सुतक फिटलं. हो म्हटलं. संध्याकाळी पळीत तेल घेतलं, गॅसवर धरलं — आणि गॅस बंद केला. दुसऱ्या दिवशी तेच. मग काढलंच नाही तेल. आता गणपती येतील. काही बिघडत नाही हो, वरण-भात-तूप खाऊन माणूस छान जगतो. फक्त सगळ्यांचं सुतक फिटलं आणि माझं चालूच राहिलं.

तक्रारीत काय लिहिलंय तुमच्या मोबाइलमध्ये, बघू? ‘चिमणी बंद.’ हां. ते स्वानंदीचं काम, माझी मुलगी, पुण्याला असते. परवा व्हिडिओ कॉलवर तिने माझं ताट बघितलं. म्हणाली, आई, आजपण नुसतं वरण? आमटी का नाही केलीस? फोडणी का नाही? मी म्हटलं, अगं, चिमणी बंद आहे. खोटं बोलले का मी? बंदच होती. लावलीच नाही तर चालू कशी असेल? पण तिने ऐकलं की बिघडलीय. एकच शब्द बघा. आणि मीही तिला सांगितलं नाही की तसं नाही गं — बरं पडलं ना मला. कारण तिचं चाललंय, आई, तू नीट करून खाणार नसशील तर रविवारी येते, बॅग भर, घर बंद कर आणि इकडे चल. गुणी पोरगी आहे. जावईही चांगले आहेत. पण त्यांच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे, मी तिथे दिवसभर कुठे उभी राहू? इथे मला ठाऊक आहे कुठे उभं राहायचं ते. यांनी पास केलेलं हे एकच घर आहे, दादा. मला नाही सोडायचं.

हो, लावा पिन, बघा चालू करून. ओढ बघायला कागद धरताय? हे पण कागदच धरायचे. चिकटला. चिकटणारच. काहीही झालेलं नाही तिला. मग आता तुम्ही कळवणार की दोष सापडला नाही, आणि पाच मिनिटांत स्वानंदीचा फोन — मग फोडणी का नाही, आई? काय सांगू तिला? तुम्हीच सांगा, काय सांगू?

यांना मिरचीचा भारी ठसका लागायचा. नियम यांचा असा की आधी चिमणी लावायची, मग गॅस, खिडकी बोटभर उघडी म्हणजे बाहेरची हवा आत येते, आणि सगळं झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवायची. सगळं बरोबर आहे हो, पण तिच्या घरघरीत मला मोहरी ऐकू येत नाही! मोहरी तडतडलेली कळली नाही तर हिंग कधी टाकायचा? म्हणून मी आधी फोडणी करायची. मिरची पडली की हॉलमधून खोकला, आणि खोकल्याच्या मागून ओरडणं — उत्तरा, चिमणी! रोजचं. दोन्ही वेळा. आक्काबाईंनी खालून ऐकलं आणि मला जिन्यात धरून म्हणाल्या, भाग्याची आहात हो, या वयातसुद्धा चिमणी म्हणतात तुम्हाला. झालं, बिल्डिंगभर पसरलं. समोरची ती छोटी यशश्री मला चिमणीआजीच म्हणते. उभ्या संसारात या माणसाने लाडाने एक हाक मारली नाही, मारली ती ही अशी, खोकत खोकत, मशिनच्या नावाने. तर पळी हातात घेतली ना, की मला पुढचं सगळं दिसतं — मोहरी टाकेन, मिरची टाकेन, धूर होईल, आणि हॉलमधून काहीच येणार नाही. मला त्याची भीती वाटते. दुसऱ्या कशाचीच नाही वाटत आता, फक्त त्याची वाटते.

थांबा. पाठवू नका अजून. बंद करा ती, मला करून बघू दे. घरात माणूस आहे तोवर करून बघते. वरण सकाळचं आहेच. तुम्ही हॉलमध्ये बसा, पंख्याखाली. ती त्यांची खुर्ची — बसा, बसा, काही होत नाही, खुर्चीच आहे. चिमणी राहू दे बंद. मला माहीत आहेत सगळे नियम. आज राहू दे. हं. तेल. जरा तापू दे. मोहरी — ऐकू येतेय ना तिथपर्यंत? हिंग. हळद. सुक्या मिरच्या जुन्या झाल्यात, रंग उडालाय, त्यांना कसलं तिखट राहिलं असणार — अरे देवा, आहे की. बराच आहे धूर —

काय?

काय म्हणालात? नाही, खोकून घ्या आधी. पाणी तिथेच आहे, तांब्यात. ऐकलं मी. ‘काकू, चिमणी’ म्हणालात. नको, परत नका म्हणू, दादा, एकदा पुरे झालं. लावते. ही बघा, लावली.

घातली फोडणी वरणात. नाही, मिरचीने नाही येत माझ्या डोळ्यांना पाणी, कधीच नाही आलं, त्यांनाच यायचं. हे दुसरं आहे. येऊ दे. पाठवा तुम्ही तिला. चिमणी चालू आहे, एवढंच पाठवा. चहाचं राहिलं, पण तो पुढच्या वेळी, आता निघा तुम्ही. दार ओढून घ्या.