धुक्यातलं ‘अगं’

धक्क्यावरच्या प्रतीक्षागृहात माझ्यामागे दोन मैत्रिणी बसल्या होत्या. दोन्ही जोडपी चार दिवस बोटीवर राहून किनारा बघून आली होती. नवरे सामान उतरवत होते.

“किनारा दिसला का गं एकदा तरी?”

“धुकंच धुकं! ते राहू दे. काल डेकवर त्या धुक्यात कुणीतरी शेजारी येऊन म्हणालं, ‘अगं, गाठ साधी नाही निघाली. घरी गेल्यावर सांगणार होतो.’”

“देवा! कोण?”

“तेच कळेना. तुझेही बायकोला अगं म्हणतात, माझेही.”

“आवाजावरून?”

“भोंगा वाजत होता, त्यात कुजबुजल्यासारखं बोलणं.”

“तू काय म्हणालीस?”

“‘अहो, मी आहे ना.’ आणि हात धरला.”

“हातावरून तरी कळायचं, वेडाबाई!”

“दोघांचे हातमोजे सारखेच, बोटीवरचे.”

“मग तुझ्या ह्यांना विचारायचंस.”

“माझं तोंडच उघडेना. ते नाही म्हणाले असते, तर तुझेच ठरले असते.”

पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

“रडतेस?”

“नाही. ऐक, ते आले की मी म्हणते, दवाखान्यात चौघंही जाऊ. ज्याचं असेल, तो खाली बघेल.”

“आणि आपण?”

“आपण एकमेकींकडे बघायचं.”