गाठ कापायची नाही

दवाखान्यात माझ्या शेजारी एक कंडक्टर बाई आणि तिचा नवरा भांडत होते.

"अगं, तुझ्या मानेतली गाठ काढून टाकू."

"कशाला? डॉक्टर काय म्हणाले? तापाच्या विषाणूची खबर घेऊन पेशी त्या गाठीत येतात. तिथनंच लढणाऱ्या पेशी तयार होऊन अंगभर निघतात. त्या गर्दीनं सुजलीय ती."

"सूज ती सूजच!"

"डेपोत गाड्या दाटल्या म्हणून डेपो पाडता होय हो? मग गाड्या सुटायच्या कुठनं?"

"थट्टा नको."

"ताप गेल्यावर पुन्हा दाखवा म्हणालेत, दाखवीन. तोवर सुरी लावू देणार नाही."

"माझी आई अशाच गाठीनं गेली गं."

बाईनं त्याचा हात धरला.

"त्यांच्यासाठी खुशाल रडा. माझ्यासाठी आत्तापासून रडायचं नाही, सांगून ठेवते. मी अजून ड्युटीवर आहे."