भरतीचं पाणी आणि उत्तरेकडचा गोल

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मैदानाचे संचालक अभियंता मुअय्यद साहेब, सकाळीच सीमा ओलांडून खास या समारंभासाठी आलेले कुवेतचे ज्येष्ठ मैदानतज्ज्ञ श्री. मुसाइद, पुढच्या रांगेत बसूनही मागच्या दाराकडे डोळा ठेवून असलेले आपले सत्कारमूर्ती चासिब मिझहिर, म्हणजे सगळ्यांचे अबू रीसान, त्यांच्या पत्नी उम्म रीसान, आणि गवत, पाणी, चुना, जाळी व दिवे सांभाळणाऱ्या माझ्या सोबत्यांनो,

आपणा सर्वांना माझा सलाम. मला आठ मिनिटं दिली आहेत. मी घड्याळ काढून समोर ठेवलं आहे. लोभानं एखादं मिनिट जास्त घेतलं तर अध्यक्षांनी खाकरावं.

आधी एक दुरुस्ती. माझ्या आधीच्या वक्त्यांनी अबू रीसान यांची सेवा 'तीस एक वर्षं' झाली असं सांगितलं. ती बत्तीस वर्षं सात महिने आहे. जुन्या मैदानावर वीस वर्षं, उरलेली इथं. माणूस एकदाच निवृत्त होतो. त्या दिवशी तरी आकडा बरोबर असावा.

माझं शिक्षण सहावीपर्यंत. गवताचं जे काही मला कळतं ते मी जुनी पुस्तकं जमवून, त्यातल्या आकृत्या वहीत उतरवून शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट मी अबू रीसान यांच्याकडे पाहिली. पाणी चाखणं. आपल्या बसरा शहरात चहाच्या पेल्यात निम्मी साखर असते. हा माणूस बत्तीस वर्षं बिनसाखरेचा चहा पितो. नवा होतो तेव्हा मी विचारलं, "अबू रीसान, साखरेचा आजार आहे का?"

म्हणाले, "आजार नाही रे. जीभ नोकरीला आहे."

नळाचं पाणी बोटावर घेऊन ते जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "लिटरला दोन ग्रॅम क्षार, थोडं वरच." मी मीटर बुडवायचो. मीटरवर दोन पूर्णांक एक. पहिल्या महिन्यात मला वाटलं, मीटर बिघडलाय. दुसऱ्या महिन्यात मी मीटर त्यांच्या जिभेवरून तपासायला लागलो.

(अबू रीसान, मान हलवू नका. हे मी वहीत तारखांसकट लिहिलेलं आहे.)

आता सत्काराच्या भाषणात जे सांगायचं असतं ते सगळं इतरांनी सांगून झालं आहे. आखाती देशांचा फुटबॉल चषक चव्वेचाळीस वर्षांनी आपल्या देशात आला, आपल्या शहरात तर पहिल्यांदाच. शेजारच्या देशांतून हजारो माणसं आली, लोकांनी त्यांना रस्त्यातून हात धरून घरी नेलं, मासा खिलवला, अंथरूण दिलं. आणि मैदान हिरवंगार होतं, असं सगळे म्हणाले. त्या हिरवेपणासाठी मला एक प्रशस्तिपत्र मिळालं. ते माझ्या बैठकीच्या खोलीत लागलेलं होतं. आज सकाळी मी ते खिळ्यावरून काढलं. या पिशवीत आहे.

का काढलं ते सांगतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणानंतर 'नव्या मुख्य मैदानरक्षकाच्या नेमणुकीचं वाचन' असं लिहिलं आहे. अध्यक्षांच्या हाताखाली जो पांढरा लिफाफा आहे त्यात माझं नाव आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो उघडण्याआधी मला हे बोलायचं आहे. नंतर बोललो तर बोलण्याला काय किंमत?

त्या वर्षीचा नोव्हेंबर आठवा. स्पर्धा जानेवारीत. उन्हाळी गवतावर आम्ही हिवाळी गवताचं बी पेरलं होतं. अकरा दिवसांचं रोप, केसासारखं. याआधी यजमानपद आपल्या हातातोंडाशी येऊन परत गेलं होतं, म्हणून प्रत्येकाचा जीव मुठीत. त्यात अबू रीसान यांचे मेहुणे वारले. दफनासाठी नजफला जाणं भागच होतं. गळ्यातली किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. कालव्यावरच्या मोठ्या झडपेची.

"फालिह, दोन दिवस. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या गाळण्या बदलायला घेतल्यात, तोवर टाकीतलंच पाणी पुरव. ही झडप मला विचारल्याशिवाय उघडायची नाही."

"मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर सांगितलं नसतं. लहान मुलं घाबरून तरी राहतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी टाकी तळाला गेली. टँकर येणार होता, आला नाही. ऊन नोव्हेंबरचं असलं तरी आपल्याकडचं. रोपं माना टाकायला लागली. मी कालव्यापाशी गेलो. भरती होती. पाणी काठोकाठ.

सभेत अबुल खसीबच्या खजूरबागांतली माणसं बसली आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. पाहुण्यांसाठी सांगतो. माझा बाप खजुरीच्या बागेत वाढला. बागेला पंप नव्हता, मोट नव्हती. दिवसातून दोनदा समुद्र भरतीला नदीला मागे रेटायचा, नदी चढायची आणि तिचं गोड पाणी पाटापाटांतून झाडांच्या मुळाशी जायचं. ओहोटीला परत फिरायचं. बाप म्हणायचा, भरती म्हणजे देवानं धरलेली झारी. भरतीचं पाणी गोड, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलो आहे.

पण ती नदी आता उरली कुठं? वरून येणारं पाणी आटलं. आता भरतीला नदी चढत नाही, समुद्रच वर येतो. हे मला माहीत नव्हतं का? माझ्या वहीत त्याचा तक्ता आहे, माझ्याच अक्षरात. तरी त्या दुपारी काठोकाठ पाणी पाहिलं आणि मी वही विसरलो, बाप आठवला. मीटर माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. चाखलंही नाही. बापाला कधी मीटर लागला नव्हता.

मी झडप उघडली. उत्तरेकडच्या गोलपुढची सहाशे चौरस मीटर जागा तीन वेळा भिजवली.

नंतर मोजलं तेव्हा लिटरला नऊ ग्रॅम होतं.

अबू रीसान नजफहून परतले ते थेट मैदानावर आले. गवताची टोकं चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. ते खाली बसले, माती जिभेला लावली आणि मला एकच विचारलं, "भरतीला उघडलीस?"

"हो."

"बाप आठवला?"

ते म्हणाले, "माझाही आठवतो. म्हणून तर किल्ली गळ्यात बांधतो, हातात ठेवत नाही."

चौथ्या दिवशी स्पर्धेचं पाहणी मंडळ आलं. त्यात श्री. मुसाइद होते. त्यांना आठवत असेल, उम्म रीसान यांनी आधी जेवायला बसवलं, आणि मासा संपेपर्यंत कामाचा शब्द काढू दिला नाही. मग आम्ही उत्तरेकडच्या गोलपाशी गेलो. मुसाइद साहेब वाकले. त्यांनीही चिमूटभर माती जिभेवर ठेवली. या दोघांची जात एकच, हे तेव्हाच कळलं.

"समुद्र आहे हा," ते म्हणाले. "कुणी सोडला?"

मी तेव्हा सहा-सहा महिन्यांच्या करारावर होतो. माझं नाव निघालं असतं तर संध्याकाळपर्यंत मी फाटकाबाहेर असतो. अबू रीसान यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी. झडपेची किल्ली माझ्या गळ्यात असते, साऱ्या बसऱ्याला माहीत आहे."

आणि मी गप्प राहिलो. मी सगळं मोजणारा माणूस, पण तो गप्प राहण्याचा वेळ मोजलेला नाही. तो अजून चालूच आहे. म्हणून आज उभा आहे.

(अबू रीसान म्हणताहेत, "बस कर, चहा गार होतोय." तुमचा चहा गार झाला तरी काय बिघडणार? त्यात साखर विरघळायची नाहीये.)

मंडळानं एकवीस दिवस दिले. नाही तर स्पर्धा दुसऱ्या देशात. मातीतलं मीठ घालवायला उपाय एकच, वरून गोड पाणी ओतत राहायचं, मीठ खाली वाळूत उतरेपर्यंत. पण गोड पाणी आणायचं कुठून? या शहरात प्यायचं पाणीसुद्धा लोक दुकानातून कॅन भरून आणतात. तेव्हा उम्म रीसान शेजारच्या वस्तीत दारोदार गेल्या. त्यांचं वाक्य मी स्वतः ऐकलंय: "पाहुणे उंबऱ्यावर आलेत आणि आपलं अंगण पिवळं? चहा एक वेळ कमी प्या गं." बायका कॅन घेऊन आल्या. एक म्हातारी किटली घेऊन आली. मी म्हटलं, आजी, किटलीनं काय होणार? म्हणाली, "तुझ्या मीटरला विचार." मग पाण्याच्या दुकानदारांनी टँकर लावले. चौदा खेपा, प्रत्येकी सहा हजार लिटर. प्रत्येक खेप अबू रीसान यांनी चाखून घेतली. दोन परत पाठवल्या, त्या या चौदात धरलेल्या नाहीत.

जी मुळं मेली होती तिथं त्यांनी मागच्या सरावाच्या मैदानातलं गवत मातीसकट कापून बसवलं. वीतभर चौकोन. खजुरीच्या फांद्या छाटायच्या कोयत्यानं. तेराशे चाळीस चौकोन. कापायचे ते, वाहायचो मी. गुडघ्यांवर सरकत सरकत त्यांनी गोल ओलांडला तेव्हा मी म्हटलं, "अबू रीसान, थोडं बसा." म्हणाले, "बसलेलाच तर आहे."

एकविसाव्या दिवशी मंडळ परत आलं. मुसाइद साहेबांनी चप्पल काढली, अनवाणी चालले आणि एवढंच म्हणाले, "खेळा."

इतकं सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते हे, की त्याच आठवड्यात अबू रीसान यांच्या सेवेच्या नोंदपुस्तकात ताकीद लिहिली गेली: 'निष्काळजीपणे खारं पाणी सोडून मैदानाचं नुकसान केलं.' ताकीद असलेल्या माणसाला स्पर्धेच्या काळात आत सोडायचं नाही असा नियम होता. पहिल्या सामन्याला साऱ्या शहरानं मैदानाकडे धाव घेतली. ज्यानं ते गवत गुडघ्यावर बसवलं, तो घरी टीव्हीसमोर होता. मध्यंतराला माझा फोन वाजला.

"फालिह, उत्तरेकडच्या गोलपुढे तो बचावपटू दोनदा घसरला. पाणी जास्त मारलंस."

"अबू रीसान, तुम्हाला टीव्हीत ओल दिसते?"

"ओल नाही दिसत. तुझी घाई दिसते."

मी दुसऱ्या अर्ध्याआधी जाऊन पाहिलं. जास्तच मारलं होतं.

तर अध्यक्ष महाराज, आपण आलात त्याआधीची ही नोंद आहे, आपला तिच्याशी संबंध नाही. पण ते नोंदपुस्तक आज आपल्या कपाटात आहे आणि दुरुस्तीची सही आपली चालते. मी नियम पाहून आलो आहे. साक्षीदार लागतो, साक्षीदार मुसाइद साहेब आपल्या उजव्या हाताला बसले आहेत. त्यांना मी काल फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. किल्लीवाला माणूस मातीकडे बघत होता आणि तू बुटांकडे." साक्ष द्यायला तयार आहेत.

हे माझं लेखी निवेदन. तारीख, वेळ, झडपेचा क्रमांक, पाण्याचं मोजमाप, सगळं आहे. त्याखाली हे प्रशस्तिपत्र ठेवतो.

आता कार्यक्रमाप्रमाणे अबू रीसान मला किल्ली देतील, असं ठरलं आहे. ती मी आज घेणार नाही. अबू रीसान, हात खाली घ्या. तुमच्या नोंदपुस्तकातली ती ओळ खोडली जाईल आणि माझ्या नोंदपुस्तकात लिहिली जाईल, त्या दिवशी मी स्वतः तुमच्या घरी येऊन मागेन. त्यानंतरही लिफाफ्यातलं नाव तेच राहिलं तर किल्ली गळ्यात बांधीन. बदललं, तर ज्याचं येईल त्याच्या गळ्यात मी बांधीन आणि भरतीची गोष्ट सांगेन. दोन्ही तयारी करून आलो आहे. मागे हटायची मात्र केलेली नाही.

अकरा मिनिटं झाली. अध्यक्ष खाकरले नाहीत, त्यांचा आभारी आहे. कुवेतहून आलेल्या पाहुण्यांचे, उम्म रीसान यांचे, आणि किटलीवाल्या आजी आज हयात नाहीत, त्यांच्या मुलीचे आभार मानतो. अबू रीसान यांचे आभार मानत नाही. ते मला परवडणारे नाहीत.

बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ती चूक मोठ्या मनानं पोटात घाला. झडपेची चूक तेवढी पोटात घालू नका. ती माझ्या नावावर लिहा.