खंदकावरची दोरी

शशिकांत : पण खेळासाठी लिहिलेली ती दहा पानं का फाडलीस? चौथाईचा हक्क किती मुद्देसूद मांडला होतास!

सई : बाबा, तुम्हाला आवडली तेव्हाच मला शंका आली होती. मागच्या रविवारी मित्रांच्या खेळात गोष्ट सांगून खेळ चालवायची पाळी माझी. फासे, नकाशा, सगळं मांडलं. मग मराठ्यांनी बंगालवर स्वारी का केली, त्याची कारणं वाचली. सहाव्या कारणाला सगळे तळणीतली गरम लुची खायला उठले, ते परतलेच नाहीत.

शशिकांत : आपली बाजू कोणीतरी मांडायला नको?

सई : बंगाल्यांच्या या बागबाजारात? ज्यांच्या भीतीने इथे खंदक खणला, त्यांची? बाबा, त्यांना कारणं नकोत. मगरी हव्यात. उद्या पुन्हा उठले, तर खेळ चालवणं कायमचं आमच्यातल्या परागकडे. आणि मी त्याच्या गोष्टीत खेचरं हाकणार.

शशिकांत : मग मी काय करू?

सई : खेळून बघा. तुम्ही खंदकावरचे पहारेकरी. कालीचरण.

शशिकांत : मी? साताऱ्याचा शशिकांत, यांच्या बाजूने?

सई : हो.

शशिकांत : आईची आमटी होईपर्यंतच. मग मी उठणार.

सई : खंदकात मगरी. पलीकडून एकडोळा मराठा सरदार येतोय. दातांत कट्यार, हातात मशाल. दारूगोळ्याची कोठी पेटवणार.

शशिकांत : एकडोळा? याला कागदोपत्री आधार?

सई : काही नाही. मशाल कोठीपासून दहा हातांवर. काय करताय?

शशिकांत : वरिष्ठांना कळवतो.

सई : वरिष्ठांना मगरीने खाल्लं.

शशिकांत : सगळ्यांना?

सई : रजेवरच्यांनासुद्धा. पाच हात, बाबा!

शशिकांत : थांब, थांब. दोरी आहे का कुठे?

सई : वडाला लोंबतेय.

शशिकांत : धरली. झोका घेतो आणि लाथ घालतो त्याच्या छातीत. सांग त्या एकडोळ्याला, कालीचरण अजून ड्यूटीवर आहे!

सई : टाका फासा.

(वीस बाजूंचा फासा टेबलावरून घरंगळत जातो.)

सई : सतरा! लाथ बसली. मशाल पाण्यात. पण पडता पडता त्याने कट्यार फेकली, थेट दोरीवर. एक पीळ तुटला... दुसरा...

सुहासिनी : अहो, आमटी झाली. पानं घेतलीत. उठताय ना?

शशिकांत : झाकून ठेव. सई, मगर किती खाली आहे गं?