तुडुमापुढं उभ्या बाया

माझं माहेर कन्हानकाठचं, आमी जातीचे ढिवर, मासोळी धरनारे, अन् मले देल्लं कुहीकडं, तलावाच्या पाळीवर, बांधावरच घर. मासोळी कमी झाली तसा माझा मालक कोयशाच्या खदानीत गेला, साऱ्यायचेच गेले, बाया तेवढ्या उरल्या. मंग नागपूरहून सरकारनं एक बाई धाडली, शिंगाडा लावाले शिकव्याले. चांगली बाई होती, पातळ खोसून सोताच पाण्यात उतरे, वेलाची गाठ पायाच्या अंगठ्यानं चिखलात दाबून दाखवे. माझी सासू तं आगच झाली, म्हणे बाईनं तलावात पाय टाकला का मासोळी रुसते वं. मी म्हटलं, आत्याबाई, मासोळी तं कवाचीच रुसली, आता आणखी काय रुसन?

तं लावला बाप्पा आमी शिंगाडा. वेलानं तलाव झाकला, फूल आलं, अन् कुवारात, दसऱ्याच्या महिन्यात, पाणीच पडणं बंद. इकडं धान ऐन निसव्यावर, लोंब्या बाहेर पडून राह्यल्या. शिकवणारी बाई नागपूरले गेली होती, अन् सकायीच पाटील लोखंडी सब्बल अन् मानसं घेऊन आला, तलावाचं तुडुम, पाणी सोडाचं दार, उघडाले. सारं पाणी वावरात गेलं असतं तं आमचे वेल चिखलात पडून सडले असते. काय सांगू तुमाले, आमी बाया धावलो अन् तुडुमापुढं छातीभर पाण्यात उभ्या राह्यलो. पाटील म्हणे निघा, नाही तं तसंच उघडतो. अन् उघडलंच थोडंसं. पायाखालून पाणी असं ओढून राह्यलं का मी बाजूच्या बाईचा हात गच्च धरला.

तवा पाळीवरून माझी सासू उतरली, तीच, मासोळी रुसते म्हणणारी. तुडुमाच्या तोंडाले पाठ लावून उभी राह्यली अन् म्हणे, उघड गा पाटला, पह्यले मले ओढून ने. पाटलाचा हातच थांबला. म्हणे, मा बुढे, धान वायलं तं माह्या लेकरायनं काय खावं? सासू म्हणे, तुह्यायनंबी खावं, माह्यायनंबी खावं. मंग ठरलं, बायायच्या कमरेलोक पाणी येईस्तोवर सोडाचं, मंग बंद. अन् तेवढंच सोडलं त्यायनं, बंद होयेलोक आमी तिथंच उभ्या होतो. काठचे वेल वायले, मधातले पिकले. धानबी काही वाचलं, काही गेलं.

सासू गेली आता. मी नागपुरात उकडलेले शिंगाडे विकतो, पाण्यात सून उतरते. तुडुम कवा उघडाचं ते गावाच्या बैठकीत ठरते, भांडनं तरी होतेच. कुवार आला का अजूनबी जीव घाबरते माझा. पाणी साऱ्यायले पुरो बाप्पा, आणखी काय मागू.