पालथ्या घागरीची खिंड

ऐका. ए बापू, त्यो कंदील जरा हिकडं सरकव आन् दार लोटून घे, वारं सुटलंय. सुंदरे, मांडीवर यिऊन बसायचं न्हाय, एवढी घोडी झालीस. भ्या वाटलं तर माझा पदर धर. पर मधी बोलायचं न्हाय. कुणी बोललं की मी गप बसणार, मंग बसा रातभर म्हाकूचं काय झालं म्हणून डोळं टकटक करत.

तर म्हाकू. म्हाकू धनगर. आता जितं शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसतंय ना, तितं त्येचं घर व्हतं. त्येची बायको केराबाई, आन् एकच पोरगी, धुरपी. लई नवसानं झाल्याली. नुकती कुटं भिंतीला धरून उभी ऱ्हायला लागली व्हती. बाप दिसला की भिंत सोडायची आन् बुडावर आपटायची. म्हाकू हसायचा, ती हसायची, केराबाई दोघांस्नी शिव्या द्यायची.

त्या साली पाऊस झालाच न्हाय. इहिरीच्या तळाला नुसता दगड. सरकारी टँकर यायचा, त्योबी बिघडून कुटंतरी पडला. आन् नेमकी तवाच धुरपीला ढाळ-वांती लागली. सकाळपासनं सुरू. दुपारपतुर पोरीनं मान टाकली. डोळं खोल गेलं. रडायची, पर डोळ्यातनं पाणी यीना. बघा की, रडायलाबी पाणी लागतंय अंगात.

दिवस मावळताना नर्सबाई चालत आली. तिनं पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आन् सोडली, तर कातडी तशीच उभी. बाई म्हणाली, "केराबाई, उजाडायला मी जीप घिऊन येते. तवर हिला पाणी द्यायचं. उकळून, गार करून, साखर-मीठ घालून, चमच्या-चमच्यानं. ओकली तरी परत द्यायचं. पाणी पोटात गेलं तर पोर ऱ्हाईल."

केराबाईनं हंडा पालथा करून दावला. शेजारणीनं आपल्या पोराच्या तोंडचं पेलाभर आणून दिलं, तेवढंच. पेलाभर पाण्यावर रात कशी काढायची?

म्हाकूनं घागर उचलली. खिंडीच्या पल्याड वढ्यात झिरा व्हता. झिरा म्हंजी काय, वाळूत खड्डा उकरायचा, पाणी हळूहळू झिरपतंय, ते करवंटीनं भरायचं. म्हातारी माणसं म्हणाली, "म्हाकू, अंधार पडलाय, भरली घागर घिऊन त्या खिंडीतनं यिऊ नगंस." म्हाकू म्हणाला, "मंग पोरीला काय पाजू, तुमचं बोलणं?" आन् निघाला.

जाताना काय झालं न्हाय. ऐका, जाताना कवाच काय हुत न्हाय. रिकाम्या घागरीला तितं कोण इचारत न्हाय.

झिऱ्यावर बसला. करवंटी भरायची, वतायची, वाट बघायची. पाणी आपल्या चालीनं येणार, त्येला घाई कशाची. म्हाकूचा जीव घराकडं आन् हात वाळूत. कशीबशी घागर काठाला आली. खांद्यावर घेतली आन् चांदण्यात निघाला.

खिंडीच्या तोंडाला एक म्हातारा बसल्याला. फाटकं घोंगडं, वाळल्यालं तोंड. म्हणाला, "लेकरा, घसा सुकला रं. घोटभर दे."

आता सांगा, पाण्याला कुणी न्हाय म्हणतंय व्हय आपल्यात? दारात आल्याल्या वैऱ्यालाबी आधी तांब्या दितो आपण. म्हाकूनं घागर वाकडी केली, म्हाताऱ्यानं वंजळ धरली. वतलं. "आनि दे." वतलं. "आनि दे." वततोय, वततोय, आन् वंजळ काय भरंना. म्हातारा वंजळ तोंडाकडं न्हीतच न्हाय, नुसती धरून बसलाय. म्हाकूनं खाली बघितलं. येवढं पाणी गेलं, आन् खालची माती कोरडी ठाक. एक थेंब न्हाय.

म्हाकूनं वतायचं थांबवलं. घागर सावरली आन् पळाला. मागं वळून बघितलं न्हाय. घागर अर्धी झाली व्हती.

सुंदरे, पदर धर म्हणाले मी, फाडू नगंस.

म्होरं गेला, खिंडीच्या मधोमध. समोरनं केराबाई आली. तेच हिरवं लुगडं, तीच चाल. म्हणाली, "दमलाव की वो लई. आणा, द्या हिकडं, मी घेते. पोर वाट बघतीया." म्हाकूला बरं वाटलं. बायकू सामोरी आली म्हणून ऊर भरून आला त्येचा. घागर खांद्यावरनं उतरवली. तिनं दोन्ही हात म्होरं केलं. त्यो जरा थांबला, म्हणाला, "पोरीपाशी कोण हाय?"

तशी ती चिडली. म्हणाली, "म्हाकू, दे म्हणते ना!"

झालं की. ऐकलं का, काय म्हणाली ती? नाव घेतलं तिनं. अरं, केराबाईनं लग्नात उखाण्यात घेतल्यालं नाव, त्येच्या मागारी कवा तोंडातनं काढलं नव्हतं. घर पेटलं असतं तरी "अवो" म्हणाली असती, "म्हाकू" न्हाय. गडी दोन पावलं मागं सरला. घागर पोटाशी कवटाळली आन् तिच्या बाजूनं अंग चोरून सुटला. बघितलं तर लुगडं नुसतं हवेत हालतंय, आत कोण न्हाय.

बापू म्हणतोय, जिजी, मंग आता आला घरी. गप रं. ह्या खिंडीत जी बसलीया ना, तिची खरी करामत तर म्होरंच हाय.

खिंड उतरली की वाट जरा सखल हुती. तितं म्हाकूला आवाज आला. खळखळ, खळखळ. त्यो थांबला. वाटंवर पाणी. चांगला भरल्याला वढा, काठाला काठ लावून चालल्याला, चांदणं पडून चकचकतंय. आन् काठावर त्येची आई उभी. मेल्याली आई, बरं का. पाणी भरताना खोचायची तसा पदर खोचून.

म्हणाली, "येड्या, येवढं ताजं पाणी चाललंय आन् शिळं कुटं घिऊन निघालास? फेक ते. घागर खंगाळ आन् ताजी भर. आजारी पोरीला शिळं पाणी पाजतोस व्हय?"

आता हितं म्हाकूला नावं ठिऊ नगा. आपल्या वाडीत समद्यांची खोड ती. पाणी मुबलक असलं की रोज सकाळी कालचं हंडंच्या हंडं अंगणात वतायचं. का, तर शिळं झालं. आईनं तेच शिकवल्यालं, आजीनं तेच. म्हाकूचा हात आपोआप चालला. त्यो त्या वढ्यात गुडघाभर शिरला आन् घागर पालथी केली.

पाणी धबधब पडलं. त्येच्या पायावर पडलं. आन् पाय गार पडलं तसा त्यो चमकला. गुडघाभर पाण्यात उभा हाय, मंग पाय आत्ता कसं भिजलं?

झटक्यानं त्येनं घागर सरळ केली. वढा न्हाय, खळखळ न्हाय, आई न्हाय. तापल्याल्या धुळीत उभा. आन् त्येनं वतल्यालं पाणी धूळ पीत चालल्याली, चुर्र चुर्र करत.

म्हाकू रडला. मोठा गडी रडला. त्येला समोर धुरपी दिसत व्हती, कातडी उभी ऱ्हायल्याली. घागरीत हात घातला तर तळाला थोडं लागलं. त्येनं डोईचा पटका काढला, पायाजवळ जितं अजून चिखल नव्हता झाला, तितनं जेवढं टिपता आलं तेवढं टिपलं. आन् पटक्याचा बोळा घागरीच्या तोंडात गच्च कोंबला. म्हणाला, "आता माझं मुंडकं मागितलंस तरी दिईन, पर पाणी देणार न्हाय."

तशी खिंड किंचाळली. वारं उठलं. मागनं घागरीला हिसकं बसाया लागलं. घागर जड झाली, धोंड्यावानी जड. कानात आवाज, ठेव खाली, जरा टेक, जरा टेक. म्हाकू पळतोय. पडला, गुडघं फुटलं, पर घागर वर धरून पडला. उठला, परत पळाला. वाडीचं पहिलं कुत्रं भुंकलं तवा हिसकं थांबलं.

केराबाईनं घागर हातातनं घेतली. पटका पिळला. तळाचं वतलं. फडक्यानं गाळून, उकळून, गार करून, साखर-मीठ घालून बसली पोरीपाशी. एक चमचा. ओकली. परत एक चमचा. म्हाकू कंदील धरून बसल्याला, एक थेंब हनवटीवर सांडला तर बोटानं टिपून पोरीच्या व्हटाला लावत व्हता. शेजारच्या दोन बाया दारात बसल्याल्या.

तांबडं फुटलं आन् केराबाई वरडली. समदी वाडी उठली तिच्या वरडण्यानं. लोक पळत आलं, म्हणलं गेली पोर. तर केराबाई अंगणात नाचतीया आन् वरडतीया, "मुतली! माझी धुरपी मुतली!"

हसा, हसा. तवाबी लोक हसलं, आन् हसता हसता रडलं. नर्सबाई जीप घिऊन आली तर तीबी डोळं पुसायला लागली. आत पाणी उरलंय, म्हणून बाहीर आलं. पोर जगली.

आता ऐका नीट. त्या खिंडीतनं जायाचं न्हाय, भरली घागर घिऊन तर न्हाईच न्हाई. लोक सांगत्यात, तितं जी रूपं बदलून पाणी मागती, ती तहानेनं मेल्याली बाई हाय. मला न्हाय पटत. तहानेनं मेलेलं माणूस पाणी बघितलं तर पिईल, त्येची वंजळ तोंडाशी न जाता थांबल व्हय? तिनं कवा घोटभर पिल्यालं कुणी बघितलं न्हाय. तिला तहान ठावंच न्हाय, पोरांनो. तिला फकस्त सांडल्यालं बघायचं असतंय, आन् सांडायला ती आपलेच हात वापरती.