दिगूशेठच्या समया

हां मंडळी, सरसावून बसा! बायका तिकडे, पुरुष इकडे — आणि मधल्या वाटेत चपला! बरं, असू द्या. पेटीवाले, जरा हळू धरा. आज मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. संसारात 'हे माझं' असं म्हणायचा हक्क कुणाचा? मिळवतो त्याचा? की रांधून वाढते तिचा? आणि दोघंही मिळवत असतील तर?

गप्प बसलात! बरोबर आहे. इथे बोललं की घरी जेवण मिळायचं नाही!

तर ऐका. गोष्ट तांब्यापितळेच्या दिवसांतली. आठवतात का हो ते दिवस? सकाळी बायका अंगणात चिंच लावून घागरी घासायच्या, आणि उन्हाला ठेवल्या की डोळे दिपायचे! कल्हईवाला आळीत यायचा, त्याच्या भात्याचा आवाज, तो नवसागराचा वास! आजींनो, माना डोलावताय, म्हणजे नाकात आला तो वास! माझ्याही आला. गेले ते दिवस, राव.

तेव्हा बोरगावच्या कासार आळीत दिगंबर रासन्यांचं भांड्यांचं दुकान होतं. सगळे त्यांना दिगूशेठ म्हणत. माणूस सालस, पण मानी! नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आणि त्यांची बायको गोदाक्का. ती दुपारी बांगड्यांची टोपली घेऊन घरोघर जायची. काय हात होता तिचा! पोरीबाळींचे हात लोण्यासारखे दाबत, गप्पा मारत, कधी बांगडी चढली ते कळायचं नाही. कुणाचं डोहाळजेवण, कुणाचं लग्न, सगळ्या गावाची खबर तिच्या टोपलीत!

आणि त्यांच्या घरातली रीत ऐका. देवघरात एक पितळी डबा. तिन्हीसांजेला दिवा लागला की शेठ त्यात दुकानाचे पैसे टाकायचे, अक्का बांगड्यांचे टाकायच्या. कुणी किती टाकले? विचारायची पद्धतच नव्हती! लागेल तसं दोघांनी त्यातून घ्यायचं. मग तिथेच दोघं पाटावर बसायची. "आज इनामदारांच्या सुनेला हिरवा चुडा भरला हो, काय रडली पोर, माहेरची आठवण आली तिला." शेठ ऐकायचे. तेवढी अर्धी घटका म्हणजे त्या घराचं सुख होतं!

आणि मग, मंडळी, स्टील आलं!

घासायला नको, कल्हई नको. बायकांनी पितळ मोडीत घातलं आणि स्टीलच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. हसू नका, तुमच्याच आया त्या! दिगूशेठच्या दुकानात गिऱ्हाईक येईना. माणूस गादीवर बसून माशा मारायला लागला. पण बांगड्या? हात आहेत तोवर बांगड्या आहेत! गोदाक्काची टोपली रोज रिकामी होऊन परत यायची.

एक दिवस शेठ न्हाव्याच्या दुकानात बसलेत. तोंडाला साबण लागलाय. शेजारी हणमंतशेठ, त्यांचाच भाऊबंद. म्हणतो कसा — "दिगूशेठ, मजा आहे बुवा तुमची! दुकान बंद केलंत तरी चालेल. घर अक्कांच्या बांगड्यांवर झकास चाललंय की!"

सगळे हसले. शेठही हसले. पण साबणाखाली तोंड केवढंसं झालं! खोटं असतं तर त्यांनी दोन शब्द सुनावले असते. खरं होतं, म्हणून झोंबलं.

घरी आले ते तणतणतच. "अगं, आजपासून डबा बंद!"

"का हो? काय झालं?"

"काही झालं नाही! तुझं तू, माझं मी. धान्य आणि गूळसाखर माझ्याकडे. दूध, भाजी, मीठमिरची तुझ्याकडे. व्यवहार कसा सरळ पाहिजे!"

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "बरं."

मंडळी, बायको भांडली तर निश्चिंत असा. नुसतं 'बरं' म्हणाली ना, की घाबरा!

झालं, वाटणी सुरू! भाकरी नवऱ्याची, कालवण बायकोचं! एके दिवशी शेठचे मेहुणे आले. चहा आला. मेहुण्यांनी घोट घेतला आणि तोंड कडू! "अक्का, साखर विसरलात." अक्का म्हणते, "विसरले नाही, दादा. साखर ह्यांच्याकडची, ती संपलीय." तुम्ही म्हणाल, काय खवट बाई! अहो, खवट नव्हती ती, सरळ होती. नवऱ्यानं सांगितलं तसं चालली. सरळ माणसाइतकं अवघड माणूस जगात नाही!

पण खरं दुःख साखरेचं नव्हतं. आता तिन्हीसांजेला दिवा लागायचा आणि पाट भिंतीला उभे असायचे. शेठ ओसरीवर, अक्का चुलीपाशी. आज कुणाला चुडा भरला, कोण रडलं, शेठना काही कळायचं नाही. करमेना हो त्या माणसाला! पण जाऊन बोलेल? मानी ना!

उलट त्यांनी काय ठरवलं? "कालिकामातेला समया द्यायच्या. पुरुषभर उंच! पितळेच्या! माझ्या एकट्याच्या पैशाच्या! हणमंत्याला कळू दे, दिगू रासने अजून कोण आहे!" तंबाखू सोडली, नवं धोतर घेतलं नाही, पै पै बाजूला टाकली. समया घडल्या, मंडळी! काय सुरेख घडल्या!

नवरात्रातली अष्टमी. देवळात सगळी कासार आळी जमलेली. हणमंतशेठ पुढेच! शेठ पाटावर, शेजारी गोदाक्का. गुरुजींनी संकल्प सांगितला, शेठच्या ओंजळीत पाणी दिलं. म्हणाले, "अक्का, यजमानांच्या हाताला हात लावा."

तुम्हाला माहीत आहे ना ही रीत? दान नवऱ्यानं सोडायचं, पण बायकोची बोटं त्याच्या हाताला लागली पाहिजेत. तरच ते दान दोघांचं. तरच ते पुरं.

गोदाक्काचे हात पदराखालीच!

"अक्का, हात लावा."

"गुरुजी, माझा हात लागायचा नाही."

"का हो?"

"समया ह्यांच्या पैशाच्या. आमची वाटणी झालीय. दुसऱ्याच्या दानाला हात लावून पुण्य कसं घेऊ मी? देवीपुढे लबाडी होईल."

आजवर हात लावायला नाही म्हणणारी बाई कुणी पाहिली होती? गुरुजींनी पोथी मिटली. "शेठ, मग संकल्प पुरा कसा व्हायचा? समया परत न्याव्या लागतील."

परत? सगळ्या आळीदेखत? शेठ दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, लोक बघतायत! लाव की हात!"

आणि गोदाक्काच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "लावते हो. मला काय हौस आहे? पण एवढंच सांगा, ह्यात माझं काय आहे? काही असेल तर लावते."

ओंजळीतलं पाणी बोटांतून ठिबकत होतं. शेठच्या मनात आलं, काहीतरी बोलून वेळ मारून न्यावी. पण समोर देवी! आणि मग त्यांना पहिल्यांदाच प्रश्न पडला — हे पैसे उरले कसे? दुकानात तर आठवड्याला एखादं गिऱ्हाईक! तंबाखू सोडून कुणाच्या समया होतात का?

शेठनी मान वर केली. हणमंतशेठकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले — "ऐका सगळे! मी कोरडी भाकरी आणली. तिच्यावर कालवण हिनं घातलं, दूध हिनं घातलं. मी आजारी पडलो तेव्हा औषध हिनं आणलं, वाटणीत नव्हतं तरी! हिनं पोसलं म्हणून माझे पैसे उरले. हणमंता, तू म्हणालास ते खरं आहे. माझं घर बांगड्यांवर चालतंय. मला त्याची लाज वाटली, ह्याची आज मला लाज वाटते!"

आणि मग हळूच, बायकोला — "गोदे, ह्यात तुझं नाही असं काय आहे, ते तूच सांग."

अहो, आयुष्यात त्यानं तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती! गोदाक्का डोळे पुसत होती आणि हसत होती. तिनं हात पुढे केला, शेठच्या हाताला लावला, आणि पाणी सुटलं.

मंडळी, आता तुमच्याकडे वळतो. नाही, नाही, घड्याळ बघू नका! आता दोघं नोकरीला जातात, दोघांची खाती वेगळी, कार्डं वेगळी. असू देत! देवाला खात्यांशी काय करायचंय? पण तुझे पैसे उरतात ते कुणाच्या कष्टावर, हे तू तिला कधी सांगितलंस का? आणि बाई, तूसुद्धा! त्याला सांगितलंस का? बायकोचा पगार जास्त म्हणून मित्रांत तोंड लपवणारे इथेही बसलेत. बघत नाही मी त्यांच्याकडे!

आता आरती आहे. आज एकेकट्यानं ताट धरायचं नाही. उठा, त्या मधल्या वाटेतल्या चपला बाजूला करा आणि जोडीनं या. आणि ज्यांचा जोडीदार पुढे निघून गेलाय ना, त्यांनीही या. ताट धरा, डोळे मिटा, आणि जे सांगायचं राहून गेलं ते आज सांगा. आई ऐकतेय. बोला, जगदंब!